बाटलीवरचे चित्र कोणाचे?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. पन्ह्याचे आणि आंब्याच्या डाळीचे हे दिवस. आणि हा गृहस्थ घरी केलेल्या बिअरच्या बाटल्यांवर चिकटवायच्या चित्रांविषयी बोलणार म्हणतो, हे काय प्रकरण आहे? म्हणून आरंभीच दोन खुलासे करतो. पहिला असा की, महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बिअर करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर कोणी मडके मांडू नये. दुसरा असा की, बाटलीच्या आत काय असते यापेक्षा बाटलीच्या बाहेर जो चार बोटे रुंदीचा कागद चिकटवलेला असतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. हा छंद मुख्यतः अमेरिकेतला आणि इंग्लंडातला. पण त्या कागदाच्या तुकड्यापोटी जो प्रश्न दडलेला आहे तो आपल्याही दाराशी उभा आहे. तो प्रश्न म्हणजे, एखादे चित्र आपल्याला मिळाले याचा अर्थ ते कोणी आपल्याला दिले, असा होतो काय?

घरी बिअर करण्याची रीत थोडक्यात अशी. जवाला मोड आणून तो वाळवतात, भाजतात. त्याला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठाची साखर होऊन ती पाण्यात उतरते. तो गोड रस हॉप नावाच्या वेलीची कडवट बोंडे घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. आठपंधरा दिवसांत रस आंबतो. मग बाटल्या भरताना थोडी साखर पुन्हा घालून झाकणे घट्ट बसवतात. उरलेले यीस्ट ती साखर खाते, त्यातून निघणारा कर्बवायू बाटलीतच कोंडला जातो, आणि ओतताना फेस येतो तो त्यामुळे. अमेरिकेत एका वेळचा घाणा बहुधा पाच गॅलनांचा, म्हणजे सुमारे १९ लिटरांचा असतो. बारा औंसांच्या पन्नासएक बाटल्या त्यातून भरतात.

आता या पन्नास बाटल्या एकजात तपकिरी. उजेड लागला की हॉपमधील द्रव्याचा पालट होऊन बिअरला घाण वास येतो, म्हणून काच काळसर घ्यावी लागते. त्यामुळे आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. मागल्या महिन्याचा घाणा कोणता आणि परवाचा कोणता, हे ओळखायचे कसे? काटकसरी माणूस झाकणावर शाईने एक आकडा लिहितो आणि मोकळा होतो. खरे पाहता एवढ्याने काम भागते. तरीही कितीतरी हौशी मंडळी एवढ्यावर थांबत नाहीत. ती चित्र काढतात, नाव शोधतात, कागद कापतात आणि एकेक बाटली पुसून त्यावर तो चिकटवतात. पन्नास बाटल्यांसाठी एक सबंध संध्याकाळ खर्ची घालतात. हा उपद्व्याप कशासाठी?

याचे उत्तर कायद्यात सापडते. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करण्याची मोकळीक मिळाली, पण बिअरची मिळाली नाही. ती मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याने एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता करण्याची मुभा दिली. राज्यांचे कायदे निराळे राहिले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली वळली. इंग्लंडात घरी बिअर करण्यास परवाना लागे. तो १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. पण दोन्ही देशांत एक अट कायम राहिली: ही बिअर विकायची नाही.

श्रोतेहो, माझ्या विषयाचे मूळ या अटीत आहे. जी वस्तू विकायची नाही ती एक तर आपण स्वतः संपवायची, नाही तर कोणाला तरी द्यायची. म्हणजे घरातून बाहेर पडणारी अशी प्रत्येक बाटली ही भेट असते. आणि भेट द्यायची म्हटली की माणूस ती उघडीबोडकी देत नाही. आपल्याकडे दिवाळीचा फराळ शेजारी पाठवायचा तर ताटावर विणलेला रुमाल पडतोच; रुमालावाचून चकलीची चव काही कमी होत नसते. बाटलीवरचा कागद म्हणजे तो रुमाल.

व्यापारी बाटलीवरच्या कागदाची जात निराळी. त्याला अमेरिकेत सरकारी मंजुरी घ्यावी लागते. कोणी केली, कोठे केली, किती आहे, हे त्यावर सांगावे लागते. १९८९ पासून आरोग्याच्या धोक्याची सूचनाही छापावी लागते. घरच्या बाटलीला यातले काहीच लागू नाही. तिच्यावर लेकीच्या लग्नाची तारीख लिहा, कुत्र्याचे चित्र काढा, नाही तर यंदा पाऊस फार झाला म्हणून बेडूक काढा. विचारणारे कोणी नाही. हा कागद चिकटवण्याची एक खास युक्तीही या मंडळींत रूढ आहे. कागदाच्या पाठीला डिंकाऐवजी दुधाचा हात फिरवायचा! दुधातील केसीन वाळले की कागद पक्का बसतो, आणि पुढच्या घाण्यासाठी बाटली कोमट पाण्यात टाकली की विनासायास सुटतो. कारण बाटली परत यायची असते. रिकामी बाटली परत करणे हा या देवघेवीतला शिष्टाचारच आहे.

आता चित्राच्या मालकीकडे वळू. १८७५ साली, म्हणजे ज्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच वर्षी, इंग्लंडात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. १ जानेवारी १८७६ रोजी पहिल्या क्रमांकावर जे चिन्ह नोंदले गेले, ते कशाचे असेल? साबणाचे नाही, कापडाचे नाही. बर्टन गावच्या बास कंपनीच्या बिअरच्या बाटलीवरचा तांबडा त्रिकोण! माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पॅरिसच्या फोली-बर्जेरमधील मद्यगृहाचे जे प्रसिद्ध चित्र रंगवले, त्यात संगमरवरी फळीवर ठेवलेल्या बाटल्यांवर हा त्रिकोण स्पष्ट दिसतो. तीन रेघांची आकृती; शाळेतले पोरही काढील. पण बिअरच्या बाटलीवर ती काढण्याचा अधिकार एकाचाच झाला. यात अन्याय काही नाही. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून व्यापाराला असे कुंपण हवेच असते. व्यापाराचे चित्र म्हणते, 'मला हात लावू नका.'

याच्या उलट एक चिन्ह जर्मनीत पाहायला मिळते. बव्हेरियातील ओबरफाल्झ या भागात काही गावांमध्ये गावाचे सामाईक भट्टीघर आहे. बिअर करण्याचा वारसाहक्क ज्या घरांना आहे, ती तेथे पाळीपाळीने रस उकळतात, आपापल्या तळघरात नेऊन आंबवतात, आणि तयार झाली की घराची बैठक लोकांना खुली करून विकतात. ज्या घरी बिअर तयार असेल त्या घराबाहेर एका काठीला सहा टोकांची चांदणी टांगलेली असते. तिला त्सोइगल म्हणतात. 'खूण' असाच त्या नावाचा अर्थ. एकमेकांत गुंतवलेले दोन त्रिकोण, एवढीच ती चांदणी. एक त्रिकोण अग्नी, पाणी आणि हवा यांचा. दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप यांचा, असे तिकडचे लोक सांगतात. कोणाची चांदणी लाकडाची, कोणाची पत्र्याची. ज्याने त्याने आपल्या घडणीने केलेली. पण ती एका घराची नव्हे. या आठवड्यात या दारी, पुढल्या आठवड्यात त्या दारी. बर्टनचा एक त्रिकोण एकाचा, आणि येथले दोन्ही त्रिकोण साऱ्या गावाचे!

घरगुती बिअरवाल्यांची चित्रे या दुसऱ्या कुळातली. पण सर्वांनाच चित्र काढता येत नाही. ज्याच्या हाताला उकळत्या हंड्याची सवय आहे त्याच्या हाताला कुंचल्याची असेलच असे नाही. म्हणून ज्याला येते तो काढतो आणि इतरांना देतो. या देण्यासाठी जो प्रकार सोयीचा ठरला त्याला इंग्रजीत क्लिप आर्ट म्हणतात; आपण 'कात्रणचित्रे' म्हणू.

कात्रणचित्राची परंपरा छापखान्यातली आहे. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइक याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर फार बारीक कोरकाम केले, आणि त्याचे ठसे खिळ्यांच्या शेजारी एकाच साच्यात आवळून छापता येत. त्याच्या पशुपक्ष्यांची पुढे कितीतरी छापखान्यांनी नक्कल केली. पुढे ठशावरून धातूचा दुसरा ठसा ओतण्याची सोय झाली, आणि खिळे पाडणारे कारखाने आपल्या यादीत गाई, बोटी, फुले, हात, मुकुट असे तयार ठसे विकू लागले. आपल्या गावोगावच्या छापखान्यांतही खिळ्यांच्या पेटीशेजारी एक खण असे. त्यात गणपती, कलश, सनई-चौघडा आणि वरातीची डोली यांचे ब्लॉक असत. एकच गणपती त्या खणातून शेकडो लग्नांना जाऊन आला असेल. कोणत्याही वधूपित्याने, 'हा गणपती शेजाऱ्याच्या पत्रिकेवर होता, मला नको,' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. नंतर ऑफसेटच्या काळात गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रे कात्रीने कापून मजकुराशेजारी डकवण्याची पद्धत आली. क्लिप आर्ट हे नाव त्या कात्रीवरून पडले आहे. न्यूयॉर्कच्या डोव्हर या प्रकाशनसंस्थेने जुन्या, कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे संग्रहच्या संग्रह काढले. १९६२ साली निघालेल्या एका संग्रहात ब्यूइक आणि त्याच्या शिष्यांची अठराशे कोरचित्रे आहेत. अशा संग्रहांच्या आरंभी, ही चित्रे किती आणि कशी वापरावीत याची मोकळी परवानगी छापलेली असे.

पुढे संगणक आला, आणि कात्रीचे काम बोटाने होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या लेखनप्रणालीबरोबर चित्रांचा एक भला मोठा डबाच मिळे. २०१४ साली त्या कंपनीने तो डबा बंद केला आणि लोकांना सांगितले की, आता चित्र हवे असल्यास जालावर शोधा. श्रोतेहो, हा बदल वरवर लहान आहे, पण मला तो फार मोठा वाटतो. डब्यातले चित्र कोणीतरी डब्यात ठेवलेले असते. ठेवणाऱ्याची संमती त्याच्याबरोबर आलेली असते. शोधून सापडलेले चित्र नुसते सापडलेले असते. त्या शोधाला परवानगीची चाळणी लावण्याची सोय होती हे खरे, पण गरजवंत माणूस चाळणी कशाला लावतो? रस्त्यात सापडलेल्या छत्रीला मालक नसतो असे आपण म्हणत नाही. पण पडद्यावर सापडलेल्या चित्राला मालक नसतो, असे मात्र सुशिक्षित माणसेही बेधडक धरून चालतात.

म्हणून घरगुती बिअरच्या चित्रांत 'स्वतः काढलेले' या दोन शब्दांना मी महत्त्व देतो. चांगला देणारा काय करतो ते पाहा. तो हॉपचे बोंड, जवाची लोंबी, पिंप आणि फेसाळलेला पेला निरनिराळे काढतो. म्हणजे घेणाऱ्याला हवी तशी मांडणी करता येते. रंगापेक्षा काळ्या रेघेवर भर देतो. कारण रेघ कोणत्याही यंत्रावर उमटते. शिवाय शाईच्या फवाऱ्याने छापलेला रंग, गार बाटलीला घाम सुटला की, ओघळतो. मधोमध एक पट्टी किंवा लंबगोल कोरा सोडतो. नाव घेणाऱ्याने घालायचे. यात मोठी नम्रता आहे. चित्रकार आपल्या चित्राच्या ऐन मध्यभागी दुसऱ्यासाठी जागा राखून ठेवतो! आणि शेवटची गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: तो स्पष्ट लिहितो, 'हे मी काढले आहे, घरच्या बाटल्यांवर खुशाल वापरा.' या एका ओळीने सापडलेले चित्र दिलेले चित्र होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! पन्नास बाटल्यांचा मामला. दुधाने चिकटवलेला कागद महिन्याभरात धुऊन जाणार. वर्तमानपत्रातला एखादा नट किंवा व्यंगचित्रातला एखादा उंदीर उचलून लावला, तर कोणाचे काय बिघडले? घरातल्या घरात फारसे बिघडत नाही, हे मी मान्य करतो. पण तेच चित्र 'घ्या मंडळी' म्हणून चार जणांना वाटले की प्रकरण बदलते. जे आपले नाही त्याचे दान करता येत नाही. आपला धर्मशास्त्रकारही हेच सांगेल आणि कोर्टातला वकीलही हेच सांगेल. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या चित्रावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. ब्यूइक १८२८ साली वारला. त्याचा पक्षी कोणीही घ्यावा. कालच्या मासिकातला पक्षी मात्र घेऊ नये.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आजचा हौशी उद्याचा कारखानदार होऊ शकतो. केन ग्रॉसमन हा कॅलिफोर्नियातला घरी बिअर करणारा हौशी तरुण. त्याने १९८० साली चिको गावी सिएरा नेवाडा नावाने कारखाना काढला, आणि आज तो अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक आहे. अशी उदाहरणे त्या देशात पुष्कळ आहेत. समजा, अशा एखाद्याच्या बाटलीवर मित्राने सहज दिलेले चित्र असेल, तर कारखाना निघाल्यावर ते कोणाचे? भेट म्हणून दिलेला रुमाल आता दुकानाची पाटी झाला. मित्राने तो पाटीसाठी दिला होता काय? पुष्कळ जुनी मैत्री या प्रश्नावर मोडते. पैसा आला की आठवणी दोन्हीकडून निरनिराळ्या होतात. देतानाच एक ओळ लिहिलेली असली तर मैत्रीही टिकते आणि पाटीही.

या ओळीचा विचार डेन्मार्कमध्ये काही विद्यार्थ्यांनी फार मजेदार रीतीने केला. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचा आवडता खुलासा असा, की मुक्त प्रणाली म्हणताना आपल्याला भाषणस्वातंत्र्याच्या अर्थाने मुक्त असे म्हणायचे आहे, फुकट बिअरच्या अर्थाने नव्हे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठातील विद्यार्थी आणि सुपरफ्लेक्स नावाचा कलावंतांचा गट यांनी २००४ साली हा विनोद उलटा फिरवला. त्यांनी 'व्होरेस ओल', म्हणजे 'आपली बिअर', काढली आणि तिची कृती व लेबलाचे चित्र दोन्ही सर्वांना खुली केली. अटी दोनच: आमचे नाव सांगा, आणि तुम्ही जे फेरफार कराल तेही याच अटींवर पुढच्याला द्या. विकायलासुद्धा त्यांची हरकत नव्हती. त्याच वर्षी ओपनक्लिपार्ट हा कात्रणचित्रांचा खुला संग्रह जालावर सुरू झाला. तेथे चित्र ठेवणारा आपला हक्क सोडून देऊन ते ठेवतो. नावाचीसुद्धा अट नाही. एक जण म्हणतो, 'नाव सांगा आणि पुढे द्या'. दुसरा म्हणतो, 'काहीच नको'. तिसरा म्हणेल, 'घरी वापरा, पण विकू नका.' तिन्ही मार्ग चांगले. वाईट एकच: काहीच न सांगता ढिगात टाकून देणे.

अलीकडे एक नवीन शंका विचारली जाते. यंत्राला चार शब्द सांगितले की ते क्षणात हॉप, पिंप आणि बेडूक काढून देते. मग हा सारा खटाटोप हवा कशाला? यंत्राचे चित्र देखणे असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील न्यायालयांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये असा निर्णय दिला, की ज्यात माणसाचे कर्तृत्व नाही त्या चित्रावर कॉपीराइट नाही. म्हणजे ते वापरायला अडचण कमी. पण माझा मुद्दा निराळा आहे. ज्याच्यावर कोणाचाच हक्क नाही ते कोणी सोडलेलेही नसते. घरी केलेली बिअर दुकानातल्या बिअरपेक्षा चांगली असते असे नाही. पुष्कळदा ती गढूळ असते. तरी मित्र ती आनंदाने घेतो, कारण ती कोणी केली हे त्याला माहीत असते. बाटलीवरच्या चित्रालाही हाच नियम लागू आहे. थोडी वाकडी लोंबी, एका बाजूला झुकलेले पिंप, हे कोणाच्या तरी रविवारचे काम असते, आणि त्याने तो रविवार आपल्याला दिलेला असतो.

तात्पर्य, बिअर बाजूला ठेवली तरी विचार उरतो. आपण लग्नपत्रिका छापतो, मंडळाचे अहवाल काढतो, शाळेच्या संमेलनाच्या पत्रिका करतो, सकाळ-संध्याकाळ एकमेकांना फुलापानांची चित्रे पाठवतो. या प्रत्येक चित्रामागे कोणाचा तरी हात असतो. तेव्हा घेताना, हे कोणी दिले आहे की नुसते सापडले आहे, एवढे विचारावे. नाव माहीत असेल तर कोपऱ्यात लिहावे. आणि आपल्याला चार रेघा ओढता येत असतील, तर त्या खणात बंद न ठेवता, 'हे माझे आहे, घ्या,' असे लिहून लोकांना द्याव्यात. आपल्या छापखान्यातल्या त्या खणात जो गणपती होता, तोही प्रथम कोणीतरी काढला होता. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. यापुढे जे काढतील त्यांचे नाव तरी ठाऊक राहावे, एवढीच माझी विनंती.